पत कुणाची?

मराठीतला ‘पत’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. ज्याला बाजारात उधार मिळते त्याला पत आहे असे आपण म्हणतो आणि ज्याच्या शब्दाला चारचौघांत मान आहे त्यालाही पत आहे असेच म्हणतो. पैशाचा विश्वास आणि माणसाची अब्रू या दोहोंना एकच शब्द पुरवणारी आपली भाषा काटकसरी खरीच. पण त्या काटकसरीत शहाणपणही आहे. पतपेढी त्याच शब्दातून निघाली आणि ‘त्याची पत गेली’ हा उसासाही त्यातूनच. मात्र एक प्रश्न हा शब्द मोकळाच सोडतो. पत असते ती माणसाची की घराची? नवऱ्याची पत तीच बायकोची का? बापाने पत गमावली तर मुलाची उरते का? आणि एकाच्या पतीवर दुसऱ्याने खर्च केला, तर त्या खर्चाचा धनी कोण?

सणासुदीच्या दिवशी असला रुक्ष विषय कशाला, असे वाचकांना वाटेल. पण वर्षात हिशेबाला देवत्व देणारा दिवस एकच, आणि तो दिवाळीतच येतो. लक्ष्मीपूजनाला व्यापारी कीर्द-खतावणी पाटावर मांडतो, तिला हळदकुंकू वाहतो. ज्यांच्या घरी दुकान नाही तेही पासबुक ठेवतात. आमच्या शेजारच्या घरी गेल्या वर्षी नातवाने पाटावर दोन प्लास्टिकची कार्डे ठेवली होती. आजोबांनी चष्मा पुसून ती न्याहाळली आणि विचारले, “यात पैसे आहेत का देणं आहे?” नातू म्हणाला, “एकात पैसे हायेत आप्पा, आन् दुसऱ्यात देणं.” आप्पांनी थोडा विचार केला आणि दोन्ही कार्डांना सारखेच कुंकू लावले. “देणंबी घरचंच की,” ते म्हणाले. मला वाटते, आप्पांच्या त्या एका वाक्यात आपल्या कुटुंबव्यवस्थेचे सगळे औदार्य आहे आणि तिचा सगळा घोटाळाही आहे.

आमचे करकंब हे पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावरचे बाजाराचे गाव. शिवारात ऊस आहे, द्राक्षे आहेत, आणि उसाचे बिल येईपर्यंत घराघरांत उधारी आहे. पूर्वी या उधारीचे रूप ठरलेले असे. वाण्याच्या दुकानात घराचे एक खाते. त्यावर नाव घरच्या कर्त्या पुरुषाचे. त्या नावावर म्हातारीने चहापूड आणावी, सुनेने खोबरेल आणावे, पोराने गोळ्या आणाव्यात. वाणी लिहून घेई. सुगी झाली की कर्ता पुरुष येई, पान उलटून बघे, दोन रकमांवर हुज्जत घाली आणि पैसे मोजून देई. कार्ड नव्हते, पण एका नावावर अनेकांनी खर्च करण्याची जी सोय आज बँक मोठ्या दिमाखाने देते, ती त्या लाल कापडाच्या वहीत पूर्वीपासून होती.

त्या वहीत गोडवा होता यात संशय नाही. पोराच्या गोळ्या आणि आजीची तपकीर एकाच पानावर येत, आणि त्या पानालाच घर म्हणायचे. पण त्याच पानाची दुसरी बाजूही होती. त्यावर सुनेचे नाव कधीच नसे. ती आणायची, पण तिच्या नावाने नव्हे. आणि पानावर काय लिहिले आहे ते तिला कोणी वाचून दाखवीत नसे. घरात कडाक्याचे भांडण झाले की तेच पान पुरावा होऊन पुढे येई: “खोबरेल दोनदा कसं आलं?” एकीने खर्च करायचा, दुसऱ्याने पाहायचे आणि सगळ्यांनी मिळून फेडायचे, असा तो कारभार. कोणत्याही सामाईक उधारीत या तीनच गोष्टी असतात: खर्चणारा हात, पाहणारा डोळा आणि देण्याखाली वाकणारी मान. त्या तिन्ही एकाच धडावर असल्या तर प्रश्न येत नाही. वेगवेगळ्या धडांवर वाटल्या गेल्या की नीतीचा प्रश्न उभा राहतो.

आता ही वाटणी कार्डाच्या नियमात कशी केली आहे ते पाहा. भारतात बँकेचे पहिले क्रेडिट कार्ड सेंट्रल बँकेने १९८० साली काढले. त्यानंतर एका मूळ कार्डावर घरच्या माणसांसाठी जोडकार्डे देण्याची पद्धत रूढ झाली. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांत म्हटले आहे की मूळ कार्डधारकाने ज्याचे नाव स्पष्ट सांगितले असेल त्यालाच असे जोडकार्ड द्यावे, आणि त्यावरच्या खर्चाची जबाबदारी मूळ कार्डधारकाचीच राहील. म्हणजे हात दोघांचे, मान एकाची. २०२४ साली मोबाइलवरून पैसे देण्याच्या यूपीआय व्यवस्थेतही अशीच सोय आली. एकाने आपल्या खात्यावरून दुसऱ्याला महिन्याकाठी १५,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा द्यावी, अशी ती योजना. बँकेच्या बाजूने हे अगदी न्याय्य आहे. जो फेडणार त्याला हिशेब कळला पाहिजे, हे कोणीही मान्य करील.

पण घर म्हणजे बँक नव्हे. माझ्या नात्यातल्या एका आत्याबाईंचा मुलगा पुण्याला असतो. आई करकंबला एकटी, तिला कोणापुढे हात पसरावा लागू नये, म्हणून त्याने आपल्या कार्डाचे जोडकार्ड तिला आणून दिले. हेतू सोन्यासारखा. आत्याबाईंनी पहिल्यांदा ते पंढरपुरात औषधाच्या दुकानात वापरले. त्या दुकानाच्या पायऱ्या उतरताहेत तोच मुलाचा फोन: “आई, कसलं औषध घेतलंस? बरं नाही का?” दुसऱ्यांदा बांगड्यांच्या दुकानात, तिसऱ्यांदा पेढ्यांच्या. प्रत्येक वेळी मुलाच्या मोबाइलवर दुकानाचे नाव आणि रक्कम, आणि थोड्या वेळाने त्याचा प्रेमळ फोन. पुढच्या महिन्यात ते कार्ड ज्वारीच्या कणगीमागच्या डब्यात गेले. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “पोरगं लई गुणाचं हाय रं. पर इठोबाला दोन रुपयं जास्ती घातलं, तर ते त्येला आन् मला ठावं असावं. पुन्याला कशापायी?”

मुलगा चुकला असे म्हणवत नाही. मान त्याची होती, म्हणून डोळाही त्याच्याकडे आला. पण आत्याबाईंच्या बोलण्यातही तथ्य आहे. ज्या पैशाचा प्रत्येक आणा दुसऱ्याला दिसतो, तो पैसा कितीही मुबलक असला तरी आपला वाटत नाही. खर्चाची मुभा आणि स्वतःचा पैसा यांत अंतर आहे. मुभा दिलेली असते, म्हणून ती काढूनही घेता येते. गंमत अशी की आत्याबाईंच्या हाती पैसा आल्याने त्यांचे स्वातंत्र्य वाढायला हवे होते, ते प्रत्यक्षात कमी झाले. पूर्वी त्या पदराच्या गाठीतून जे देत, त्याचा साक्षी फक्त विठोबा होता.

एकाचे ऋण दुसऱ्याच्या मानेवर कधी आणि किती घालावे, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात ऋणविचाराला बरीच पाने दिली आहेत. याज्ञवल्क्य स्मृतीचा कल आजच्या वाचकाला चकित करील असा आहे. नवऱ्याने वा मुलाने केलेले कर्ज बायकोने फेडावे असे नाही, बायकोचे कर्ज नवऱ्याने फेडावे असेही नाही. मात्र ते कुटुंबासाठी केलेले असेल तर गोष्ट निराळी. आणि पुढे एक मोठा मार्मिक अपवाद येतो: गवळी, कलाल, नट, परीट आणि शिकारी यांनी आपल्या बायकांचे ऋण फेडलेच पाहिजे, कारण त्यांचा चरितार्थ बायकांवर चालतो. स्मृतिकाराने इथे नात्याकडे पाहिले नाही, कामाकडे पाहिले. जिच्या कष्टावर घर उभे आहे, तिचे देणे हे घराचे देणे. हा निकष पाच धंद्यांपुरताच का ठेवला, असे मात्र विचारावेसे वाटते. करकंबच्या शिवारात खुरपे घेऊन वाकलेली बाई पाहिली, तर त्या यादीत शेतकऱ्याचे नाव सर्वांत वर घालावे लागेल.

मुलाच्या बाबतीत स्मृती अधिक कडक होत्या. बापाचे ऋण फेडणे हे मुलाचे पवित्र कर्तव्य; फक्त दारू, जुगार असल्या कारणांसाठी केलेले कर्ज त्यातून वगळलेले. पुढे इंग्रजी अमलात सावकारांनी या पवित्र कर्तव्याचा असा काही उपयोग केला की मुंबई इलाख्यात १८६६ साली कायदाच करावा लागला. मेलेल्या पूर्वजाचे कर्ज वारसाने आपल्या पदरचे घालून फेडायला नको. त्याच्याकडून जेवढी मिळकत आली असेल तेवढ्यापुरतेच द्यावे, असे त्या कायद्याने ठरवले. त्यात आणखी एक कलम होते. विधवेशी लग्न करणाऱ्याला तिच्या पहिल्या नवऱ्याचे कर्ज केवळ त्या लग्नामुळे चिकटणार नाही. असे कलम घालावे लागले, यावरून त्या काळी कर्ज किती दूरवर माग काढीत जात असे याची कल्पना करावी. शेवटी २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि नव्या कर्जांपुरते मुलाचे ते पवित्र बंधनही कायद्यातून गेले. कायद्याने माणूस सुटा केला. पण मनाचे काय?

या ठिकाणी तुकोबांची आठवण होते. सांगतात ती कथा अशी: दुष्काळात सगळे बुडाल्यानंतर तुकोबांचे मन प्रपंचावरून उडाले. घर महाजनाचे, लोकांना दिलेल्या कर्जाची खते घरात होती. ती इंद्रायणीत बुडवायला ते निघाले. पण धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, तुम्ही विरक्त झालात, माझ्या संसाराचे काय? तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची तेवढी खते नदीत सोडली. लोक या कथेतले वैराग्य सांगतात. मला तिच्यातली वाटणी अधिक थोर वाटते. सामाईक खात्यावर उदार होण्याचाही अधिकार आपल्या वाट्यापुरताच असतो. देवासाठी असले तरी भावाचे येणे आपण सोडू शकत नाही. वैराग्याच्या भरातही ज्याला हे भान राहिले, त्याच्याकडून नवराबायकोंनी बँकेचा एक पहिला धडा शिकावा.

दुसरी कथा तर आमच्या सोलापूर जिल्ह्यातलीच, मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. दुष्काळात माणसे मरताना पाहून त्यांनी बादशहाची धान्याची कोठारे लुटवली. आजच्या भाषेत बोलायचे तर मालकाच्या खात्यावर त्याला न विचारता खर्च केला. पंतांचे पुण्य कोणी नाकारत नाही. पण कथा तिथे संपत नाही. विठोबाला महाराचे रूप घेऊन, पैशाची थैली काखेत मारून, बिदरच्या दरबारी जाऊन ती रक्कम भरावी लागते. लोककथा मोठी हिशेबी आहे. खर्च कितीही पवित्र असो, कोणाच्या तरी मानेवर तो बसतोच, आणि ती मान मोकळी झाल्याशिवाय कथेला पूर्णत्व येत नाही. आपल्या संसारात पंत पुष्कळ असतात. थैली घेऊन जाणारा विठू दर वेळी मिळेलच असे नाही.

शेतकऱ्याच्या घरी तर हा प्रश्न जमिनीतच पेरलेला असतो. किसान क्रेडिट कार्ड १९९८ साली सुरू झाले. नाव कार्डाचे, पण त्याचे मूळ सातबाऱ्यात. जमीन सामाईक असली की एकाच्या कर्जाला बाकीच्यांची संमती लागते, आणि या संमतीच्या सह्या बहुधा जेवणाच्या ताटावरून उठता उठता होतात. “सही कर” असे थोरला म्हणतो आणि धाकटा करतो. बहिणीला तर कागदाचे शेवटचे पानच दाखवतात. पुढे इतर हक्कांत बोजा चढतो. कर्ज थकले की सिबिलच्या आकड्यात कर्जदार म्हणून सही करणाऱ्या प्रत्येकाची पत घसरते. आपल्या बापजाद्यांनी अब्रू जपली, आपण तीन अंकी आकडा जपतो. सरकारलाही कर्जदार म्हणजे माणूस की कुटुंब हे नक्की ठरवता आले नाही. २०१७ च्या कर्जमाफीत आधी कुटुंब हा घटक धरला होता. २०१९ च्या योजनेत प्रत्येक शेतकरी व्यक्ती म्हणून मोजला गेला. दोन वर्षांत राज्याला जे उत्तर बदलावे लागले, ते आपल्याला घरात चटकन सापडत नाही, यात नवल नाही.

सामाईक जोखीम मुळातच वाईट, असे मात्र कोणी समजू नये. १९०४ सालच्या कायद्याने आपल्याकडे सहकारी पतपुरवठा सुरू झाला, तेव्हा खेड्यातल्या सोसायट्यांची जबाबदारी अमर्याद असे. एका सभासदाचे कर्ज बुडाले तर सर्वांनी भरायचे! ऐकून छाती दडपते. पण त्यामागचा विचार साधा होता. सभासद एकाच गावचे. कोणी बैलासाठी कर्ज काढले आणि कोणी लग्नाच्या वरातीसाठी, हे सर्वांना ठाऊक. आणि सभेत ‘याला देऊ नका’ म्हणण्याचा हक्कही सर्वांना. मान सगळ्यांची होती, म्हणून डोळाही सगळ्यांना दिला होता. ती पद्धत फार फोफावली नाही ही गोष्ट खरी. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील आणि धनंजयराव गाडगीळ ज्यात होते त्या समितीने १९५४ साली दाखवून दिले की शेतकऱ्याच्या कर्जात सहकाराचा वाटा शेकडा तीनच्या आसपास होता, आणि त्यानंतर मर्यादित जबाबदारीचा मार्ग धरला गेला. पण मूळ तत्त्व मेले नाही. नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली, तेव्हा ते पुन्हा उगवले. गटातल्या बायका एकमेकींच्या कर्जाला बांधलेल्या असतात. पण गटाची वही बैठकीत वाचली जाते. कोणी किती उचलले, कोणाचा हप्ता राहिला, हे सर्वांसमोर मोठ्याने. जिला वाचता येत नाही तीही ऐकते. चांगल्या चाललेल्या गटांचे रहस्य त्या मोठ्याने वाचण्यात आहे, असे माझे मत आहे.

आणि न वाचलेल्या वहीचे काय होते, ते मी आमच्या गल्लीत पाहिले. तिथले एक शिक्षक अकस्मात वारले. सालस माणूस, घरात कधी आवाज चढला नाही. दिवस होतात न होतात तोच त्यांच्या पत्नीला फोन येऊ लागले. मास्तरांच्या नावावर एका बँकेचे क्रेडिट कार्ड होते आणि त्यावर बरेच देणे. खर्च कशाचा? मुलीच्या शिकवणीचा, सासूच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचा, दिवाळीच्या कपड्यांचा. सगळा घरचा. वहिनींना त्यातले काहीच माहीत नव्हते, मास्तर म्हणत, “तुम्ही नका काळजी करू.” फोनवरचा माणूस ‘तुमचे मिस्टर’ म्हणून बोले, आणि त्याच्या बोलण्यात मास्तरांच्या नावाची जी विटंबना होई, तिने त्या खचत.

मी त्यांना समजावले. म्हटले, वहिनी, या कर्जाला तुमची सही नाही. मास्तरांच्या मागे जी मिळकत राहिली असेल, तिच्यापुरताच बँकेचा हक्क. तुमच्या पाटल्या हे तुमचे स्त्रीधन आहे. त्याला कोणी हात लावू शकत नाही. स्त्रीधन हे सर्वस्वी स्त्रीचे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्वच्छ सांगितले आहे. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या आठवड्यात पाटल्या मोडून देणे फेडले. मी जरा रागावूनच विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “कायदा मला सोडवील, भाऊजी. त्यांना कोण सोडवणार?”

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांनी फेडले ते योग्य की अयोग्य? शास्त्र पाहिले तर देणे कुटुंबासाठी केलेले, म्हणून नीतीने घराचेच. कायदा पाहिला तर त्या मोकळ्या. पण मला वाटते, त्यांचा अधिकार दोन्हींपलीकडचा होता. त्यांनी सगळे कळल्यावर, कोणी भाग पाडलेले नसताना, आपल्या हाताने ती मान पुढे केली. स्वतःहून उचललेल्या ओझ्यात माणूस लहान होत नाही. अन्याय झाला तो आधी, त्या इतक्या वर्षांत. आणि तो करणारा माणूस अतिशय प्रेमळ होता. मास्तरांनी बायकोला काळजीपासून दूर ठेवले, पण त्याबरोबर तिच्याच घरापासूनही दूर ठेवले. तिला ठाऊक असते, तर कदाचित दिवाळीचे कपडे एका वर्षी आले नसते, आणि मास्तर रात्री एकटे जागले नसते. “तुम्ही नका काळजी करू” हे वाक्य आपल्या घरांत मायेने उच्चारले जाते. त्याचा अर्थ ‘तुम्ही नका पाहू’ असाही होतो, हे आपण विसरतो.

मग प्रत्येकाने आपापली थैली वेगळी करावी काय? हा विचार ऐकून आमच्या पिढीतली माणसे दचकतात. बायकोचे खाते वेगळे म्हणजे चूल वेगळी होण्याची पहिली पायरी, असे त्यांना वाटते. पण शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला जाऊन पाहावे. माण तालुक्यासारख्या दुष्काळी मुलखात चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. पहिला अर्ज नामंजूर झाला होता, कारण पुढे आलेल्या कित्येक बायांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या शिकल्या आणि पुन्हा अर्ज केला. त्यांना बँक हवी होती ती रोजची छोटी शिल्लक ठेवायला, जिथे ती आपल्या नावाने सुरक्षित राहील. त्यामुळे माणदेशातल्या चुली विझल्या असे कोणी म्हणत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेऊन शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली, तेव्हाही घरे मोडली नाहीत. २०२४ पासून लाडक्या बहिणीचे पैसे थेट तिच्या खात्यात येऊ लागले. त्या योजनेच्या राजकारणाशी मला इथे कर्तव्य नाही. पण आमच्या गावात कितीतरी बायका स्वतःच्या नावाचे पासबुक भरून घ्यायला बँकेत उभ्या राहिल्या, हे मी पाहिले. पासबुकाच्या पहिल्या पानावरचे नाव त्या बोट ठेवून वाचीत होत्या.

पण वेगळे खाते म्हणजे उत्तराचे अर्धेच. ज्या घरात मिळवणारा एक आणि राबणारी दुसरी, तिथे वेगळ्या थैल्या केल्या तर एक भरलेली आणि दुसरी रिकामी राहील. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका पोटगीच्या निकालात न्यायमूर्ती नागरत्ना यांनी नेमकी हीच गोष्ट मांडली. घर सांभाळणाऱ्या पत्नीला आर्थिक आधार हवा, आणि त्यासाठी नवऱ्याने तिच्याबरोबर संयुक्त खाते ठेवावे, एटीएम कार्ड तिच्या हाती द्यावे, असे त्यांनी म्हटले. यात भीक नाही आणि मेहेरबानीही नाही. जिच्या कष्टावर घर चालते तिचा त्या मिळकतीवर वाटा आहे, एवढाच त्याचा अर्थ. याज्ञवल्क्याने पाच धंद्यांपुरता मान्य केलेला न्याय आता सगळ्या घरांच्या दाराशी आला आहे.

संयुक्त खाते उघडताना एक वाक्य लिहून द्यावे लागते: दोघांपैकी कोणीही, किंवा जो हयात राहील तो. मला हे वाक्य मोठे गंभीर वाटते. लग्नाच्या मंत्रांत मरणाचा उल्लेख आपण टाळतो. बँकेचा कारकून मात्र दोघांना शेजारी बसवून सांगतो की तुमच्यातला एक आधी जाणार आहे, मागे राहणाऱ्याची सोय करा. त्या फॉर्मवर डोळे मिटून सही करण्यापेक्षा तिथे क्षणभर थांबलेले बरे. मागे राहणाऱ्याला पैसे मिळतीलच. पण पैशाबरोबर माहितीही मिळणार आहे ना? येणे कोणाकडे, देणे कोणाचे, कार्ड कितीचे, सोसायटीचा हप्ता कोणत्या महिन्यात?

तेव्हा माझे उत्तर असे आहे. पत घराची असावी, पण ज्यांच्या ज्यांच्या मानेवर तिचे ओझे आहे त्या प्रत्येकाला वही पाहता आली पाहिजे, आणि नको म्हणण्याचा हक्कही असला पाहिजे. सही मागायची तर आधी कागद वाचून दाखवावा. बहिणीलाही, धाकट्यालाही, आईलाही. आणि त्याबरोबरच घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाजवळ थोडा तरी असा पैसा असावा, ज्याचा हिशेब कोणी मागणार नाही. रक्कम ऐपतीप्रमाणे ठरावी. मोठे खर्च सगळ्यांच्या डोळ्यांपुढे, आणि विठोबाचे दोन रुपये ज्याचे त्याच्यापाशी. आत्याबाईंचे कार्ड आणि मास्तरांचे कार्ड या दोहोंवर मला सुचलेला इलाज हा एवढाच आहे. पहिल्या घरी डोळा फार होता, दुसऱ्या घरी मुळीच नव्हता.

कोणी म्हणेल, नवराबायकोत हिशेब आला की प्रेम गेले. मला तसे वाटत नाही. पाडव्याच्या दिवशी बायको ओवाळते आणि नवरा तबकात ओवाळणी घालतो. दोघांची मिळकत एकच असेल, तर हे पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले एवढेच, असे हिशेबी माणूस म्हणेल. तरीही ती ओवाळणी आपण टाकतोच, कारण घरातल्या सामाईक पैशातून काही भाग तुझा, विनाअट तुझा, असे वर्षातून एकदा तरी उघड सांगावेसे वाटते. आपल्या पूर्वजांनी हा विचार सणात गुंफून ठेवला आहे. त्याच्या आदल्या दिवशीचे लक्ष्मीपूजनही तसेच नीट करावे. वही, पासबुक, कार्ड, जे काही असेल ते पाटावर ठेवावे. आणि आरती झाल्यावर, फराळाला बसण्यापूर्वी, थोरल्याने ते उघडून येणे आणि देणे दोन्ही मोठ्याने वाचावे. ऐकायला घरातली सगळी असावीत, चुलीपाशी असलेलीही. तिला बाहेर बोलावावे, पाटाजवळ बसवावे आणि मग पहिली ओळ वाचायला घ्यावी.